घरटी एक पोर

— नाय नाय, तिथं नका ठेवू नारळ, तिथं आमची कोंबडी बसते अंडी घालायला. हां, इकडं, ह्या स्टुलावर ठेवा. आणि बसा हो भावोजी, पंखा लावते. आज लाइट हाय वाटतं, तुमचं नशीब. मुंबईवरनं यायचं, पोलादपूरला उतरायचं, कापडे गावापर्यंत मिळंल ती रिक्षा, तिथनं वर चालत — आणि एवढं करून नारळ पण स्वतःच घेऊन आलात! म्हणजे माफी मागायची आमच्या ह्यांनी आणि नारळ आणायचा मंडळाच्या सेक्रेटरीनं. एवढी सोय कुठल्या गावकीनं केली नसंल. अगरबत्ती आणलीत का? नाय? मंग तेवढी आमच्याकडची. हसा हो, हसायला आलं तर हसा, आपल्या वाडीत हसायला बंदी नाय. हसूनच तर सगळं झालंय.

हे? हे नायत घरात. वरच्या अंगाला गेलेत, शेतात राब भाजायला झाडांच्या डहाळ्या, कवळ तोडायला. सकाळी मी बोलली, सुनील भावोजी येणार हायत मंडळातर्फे — तर चहा अर्धा तसाच ठेवला, कोयता घेतला नि निघाले. रागानं गेले असतील, दुसरं काय. तेव्हा जे काय असंल ते माझ्याशीच बोला. मी चावत नाय. वाडीत काय पण सांगतात.

तर काय ठरलं बैठकीत? थांबा, मीच सांगते, तुमची जीभ अडखळायला लागली. महिपत वस्तादाचा सत्कार हाय शिमग्याला, पालखीपुढं. तालुक्याची माणसं येणार, शाल-श्रीफळ, फोटो, आणि मंग कसल्याशा पुरस्काराला नाव जाणार — खालूबाजा जिवंत ठेवला वस्तादानं, कळायला लागल्यापासून गळ्यात ढोल, पोरांच्या पिढ्या घडवल्या. घडवल्या! हा शब्द पत्रिकेत कुणी घातला हो? तुम्ही? छान, छान. आणि पुरस्काराच्या माणसांना कुणीतरी मागच्या शिमग्याचा व्हिडिओ धाडलाय, त्याच्यात आमचे हे बोलताना दिसतायत, म्हणून अडचण. म्हणून ह्यांनी देवळापुढं नारळ ठेवायचा नि चारचौघांत बोलायचं की ती मस्करी होती. मंग नव्या बाजासाठी घरटी एक पोर वस्तादाकडं राहायला पाठवायचं, महिनाभर, पहिल्यापासनं चालत आलंय तसं — आणि आमच्या घरचं पण. नाय तर पालखी आमच्या अंगणात येणार नाय. बरोबर? काय सुटलं असंल तर सांगा.

आता मला एक समजवा. मी सव गावची. गरम पाण्याच्या कुंडावर लांबलांबनं खरुजवाली माणसं यायची, ती बघत मोठी झाली, पण शिमगा तिकडं पण हाच. होम लागला की बोंब मारायची, ज्याचं नाव घ्यायचं त्याचं घ्यायचं, सरपंचाचं घ्या नाय तर सासऱ्याचं घ्या, पण राग धरायचा नाय. खरं ना? भिकूअण्णाच्या दुसऱ्या बायकोवर बोंब मारून झाली, तुमच्या चुलत्याच्या पोटावर झाली, माझ्या सासूच्या घोरण्यावर झाली — ती बिचारी स्वतः पण हसली. ह्यातल्या कुणी नारळ मागितला? कुणाची पालखी अडवली? मंग वस्तादालाच माफी कशी लागली? मस्करी असंल तर माफी नको. आणि माफी पायजे असंल, तर ती मस्करी नव्हती. तुम्ही दोन्ही एकाच पिशवीत घालून आलात, भावोजी. बैठकीत एवढी शिकलेली माणसं होती, कुणाच्या ध्यानात नाय आलं?

चहा घ्या. गूळ हाय त्यात, चालतो ना?

हे शिमग्याला वाडीत असायचेच कवा? तुम्हाला काय म्हाइत, तुम्ही पण कवा येत नाय, वर्गणी तेवढी वेळेवर येते तुमची. होमाचं लाकूड तोडलं की ह्यांचा टेम्पो बाहेर निघायचा, आंबेनळी चढून थेट महाबळेश्वर. ढोलावर पहिली काठी पडायच्या आत हे घाटाच्या वर. मी म्हणायची, केवढी माणसाला पैशाची हाव, सणाला पण घरात पाय ठरत नाय! मागच्या साली राहिले. का राहिले? आमचा पोरगा पडवीत पत्र्याच्या डब्यावर काठ्या वाजवत होता, आणि वस्ताद रस्त्यानं जाता जाता थांबला. बोलला, हात गोड हाय गो पोराचा, पाठव माझ्याकडं, उभा करतो त्याला. मी काय, खूश! पाणी दिलं, वर गुळाचा खडा. हे मागच्या दारात उभे, त्यांनी ऐकलं. त्या दिवशी जेवले नायत. महाबळेश्वरचं भाडं आलं होतं, तेपण दुसऱ्याला दिलं.

आणि मंग होम. उन्हं कलली, अख्खी वाडी गोळा, वस्ताद मधे ढोल घालून, ज्याच्या त्याच्या नावानं बोंब चाललेली — आणि आमचे हे पुढं झाले. चारचौघांत तोंड उघडत नाय असा माणूस! काय बोलले ते तुम्ही मोबाइलवर ऐकलंत, मी परत बोलत नाय, माझ्या तोंडून निघत नाय ते. माळ्यावर झोपायला नेलेल्या पोरांचं वस्ताद काय करायचा, ते बोलले. नाव घेऊन बोलले. आणि वाडीनं काय केलं असंल? तोंडावर हात मारून बोंब ठोकली! बायांनी, बाप्यांनी, सगळ्यांनी, अगदी तालात! वस्ताद पण हसला, ढोलावर एक थाप दिली, वा नीलेश वा म्हणून. एवढ्या वर्सांत माणसानं एकदा तोंड उघडलं, ते नेमकं त्या दिवशी, ज्या दिवशी कुणी कुणाचं खरं धरत नाय. मी नंतर विचारलं ह्यांना, अहो, दुसरा दिवस नव्हता का सापडला? तर बोलले, दुसऱ्या दिवशी धीर झाला नसता.

बघा. आता ह्याच्यावर हसायचं का रडायचं? आपल्या मंडळाच्या ग्रुपवर तर हसरी तोंडंच तोंडं, ओळीनं, जसे काय बारशाचे पेढे वाटतायत. तुमचं तेवढं काय आलं नाय त्यात. बघितलं मी. म्हटलं, मोठी माणसं, कामात असतील.

आणि ज्यांना कळलं ना, भावोजी, की ही मस्करी नाय — त्यांचं तर विचारूच नका. गावकीतले भिकूअण्णा आले होते इथं, तुम्ही बसलात तिथंच बसले होते. मोठ्या मनानं मला समजवायला! ज्योती, पोरगी असती तर आपण बघितलं असतं गो, पण पोराचं काय जातं? असं बोलले. पोराचं काय जातं! मी बोलली, अण्णा, तुमच्या म्हशीला कुणी दगड मारला तर तुम्ही पोलीस पाटलाकडं जाता, तिचं तरी काय जातं, दूध देतेच की संध्याकाळी. तेव्हापासनं बोलत नायत माझ्याशी. फार मोठं नुकसान झालंय माझं.

काय जातं ते मला विचारा. घराला आतनं कडी घातलेली ह्यांना चालत नाय. पावसात दार उघडं, थंडीत दार उघडं, कुत्रं आत येऊन भाकरी नेतं तरी दार उघडं. स्वतःच्या पोराला मांडीवर घ्यायला हात आखडतो — भ्या वाटतं की आपल्याच हाताला काय लागलेलं असंल नि ते पोराला लागंल. आणि लग्न झालं तवा मी — मला वाटलं मी आवडली नाय. मी काळी म्हणून. किती दिवस मी तोंडाला साय नि हळद चोळत बसली, एक दिवस सासू बोलली, अगो, माणूस हायस की लोणचं! मी हसली तिच्यासमोर. मागं गोठ्यात जाऊन रडली. कुणाचं पाप, नि हळद कोण चोळतंय बघा — हे काय सांगत बसली मी तुम्हाला. विसरा. मंडळाच्या इतिवृत्तात घालू नका.

ह्यांनी मला सांगितलं ते होमानंतर. मस्करी म्हणून सगळे घरी गेले, तेव्हा. सांगितलं नि वर विचारतात, तू मला सोडून जाणार का. वेडा माणूस. मी म्हटलं, महाडला जाऊ. कशाला? दाताच्या डॉक्टरकडं. दाताच्या! खोटं बोलून नेलं. तिथं एका संस्थेत मानसीताई बसतात, माझ्या मावसबहिणीनं पत्ता दिला होता. हे दारातच अडले, बोलले, इथं बायाच येत असतील. ताई बोलल्या, बाप्ये पण येतात, फक्त येताना दाताच्या डॉक्टरचं नाव सांगतात. शप्पथ! मी तर चाटच पडली. आणि मंग ताईंनी काय केलं म्हाइत हाय? ऐकलं. बस. तेव्हाच का नाय सांगितलंस, विचारलं नाय. ओरडला का नायस, विचारलं नाय. शेवटी एवढंच बोलल्या, नीलेश, ह्याच्यात तुमचा दोष नव्हता, तुम्ही लहान होता. तर हे, दरड अंगावर आली तरी स्टेअरिंग न सोडणारे — ढसाढसा. एवढंच काम होतं बघा. एक माणूस, दोन कान. वाडीला फुकटात जमलं असतं.

आता दर महिन्याला जातात. वाडीला सांगतो दाढेचं काम चाललंय. वाडी म्हणते, नीलेशला एवढ्या दाढा कशा?

आणि शाळेचं ऐकलंत का? ते नसंल कुणी घातलं ग्रुपवर. शाळेत बाई आल्या होत्या समजवायला — कुणी कुठं हात लावला तर ओरडायचं, पळायचं, घरी सांगायचं. चांगलं काम. पण हेडमास्तरांनी काय केलं, मुलींना वर्गात बसवलं आणि पोरांना बाहेर खुर्च्या लावायला! आमचा घरी आला नि बोलला, आई, मी आठ खुर्च्या उचलल्या. मी विचारलं, आत काय सांगितलं? बोलला, ते पोरींचं होतं. मदतीचा नंबर पण हाय हो शाळेत, दहा नऊ आठ, एवढा मोठा रंगवलाय — पाण्याच्या टाकीच्या मागच्या भिंतीवर, तिथं आमची शेळी पण जात नाय. मी गेली, वाचून आली. आणि जे त्या बाईंनी पोरींना सांगितलं ते मी माझ्या पोराला घरी बसून सांगितलं, ह्यांच्या समोर. मध्येच हे बोलले, आणि मोठा माणूस बोलला कुणाला सांगू नको, तर पळत येऊन तेच आधी सांगायचं. मारणार नाय मी. कधीच मारणार नाय. पोरगा बघतच राहिला बापाकडं. एवढं लांबलचक बोललेलं त्यानं कवा ऐकलेलंच नव्हतं.

घरटी एक पोर म्हणे. बघा तरी जाऊन, किती मिळतात ते. कमळाबाईच्या नातवाचा हात मोडलाय — कसला मोडतोय, काल जांभळीवर चढला होता तो, गळ्यातलं फडकं काढून कमरेला बांधून. चांगूच्या पोराला कावीळ. काशीरामच्या पोराची बारावी, हाय सहावीत. पाणवठ्यावर माझ्याशी कुणी काय बोलत नाय, नुसती बादली भरताना एकेक बाई हळूच विचारते, तुझ्या पोराला काय झालंय म्हणून सांगणार गो तू? म्हणजे दोघींनी एकच आजार सांगायला नको! असली वाडी. खरं म्हाइत हाय सगळ्यांना, पण बोलायचं कुणी? त्यापेक्षा पोराचा हात मोडलेला बरा. माझा पोरगा ठणठणीत हाय, भावोजी. तसं लिवून घ्या. ठणठणीत हाय, आणि येणार नाय. आणि दुसऱ्या कुणाचं एक जरी पोर त्या माळ्यावर झोपायला गेलं, तर मी तो टाकीमागचा नंबर फिरवणार. मग पालखी अंगणात नाचवा नाय तर परसात नेऊन ठेवा.

अजून एक हाय. ते तुम्हाला सांगायचं नव्हतं. पण आता तोंड सुटलंच हाय तर ऐका. सगळे म्हणतात ना, नीलेश एकटाच कसा बोलतो, बाकीच्यांना काय झालं नाय? एकटे नव्हते हे. त्याच बाजात आणखी एक पोरगा होता, ह्यांच्याहून दोनेक वर्सांनी मोठा. त्याला कळलं होतं, वस्ताद कुणाच्या शेजारी येऊन पडतो ते. तर त्यानं काय केलं, एके दिवशी ह्यांची वाकळ उचलली, पार भिंतीकडं नेऊन टाकली, आणि स्वतः मधे झोपला. दुसऱ्या दिवशी परत तेच. शिमगा होईपर्यंत रोज तेच, हे पलीकडं, नि तो मधे. केवढा असंल हो तो? मिसरूड पण फुटलं नसंल. होम झाला आणि तो गेला मुंबईला, आता वाडीतलं निम्मं पोर मुंबईलाच जातं, त्यात काय कळणार कुणाला. मी म्हटलं, नाव सांगा, मी त्याच्या पाया पडून येते. तर नाय. हे बोलले, माझं होतं ते मी सांगितलं, त्याचं त्यानं सांगायचं. ताईंना पण नाव नाय सांगितलं. मला राग येतो कधीकधी त्या पोराचा, खरं सांगते. एवढं केलंस बाबा, मंग आता कुठं हायस? तुझ्याच मित्राला वाडी खोटं पाडतेय, एक शब्द बोलला असतास! कुठंतरी बसला असंल आरामात, वस्तादाच्या सत्काराला वर्गणी देऊन —

काय? मोठ्यानं बोला, पंख्यात ऐकू येत नाय. भिंतीकडं नाय? मंग? कणगीच्या मागं. बरं, कणगीच्या मागं, भिंतीकडं काय नि कणगीच्या मागं काय, माळ्यावर भाताची कणगी असणारच की, मी सांगते काय नि तुम्ही —

भावोजी.

कणगीचं मी बोलली नाय. ह्यांनी पण कवा सांगितलं नाय मला कणगीचं.

थांबा. थांबा, ती बशी द्या माझ्याकडं, सांडतंय. असू दे, असू दे, जमीन सारवलेली हाय, काय होत नाय. मी पंखा बंद करते. नाय, बोलू नका, मला काय सांगायला पायजे असं नाय. मी किती बोलली हो. बसल्यापासनं मी किती बोलली तुम्हाला, देवा. पाणी प्या. ... फोन वाजतोय तुमचा. भिकूअण्णा? वाजू दे. वाजून वाजून थांबंल तो.

रागानं नव्हते गेले हे. आता कळतंय मला. तुमचं नाव घेतलं नि हात थांबला होता कपावर, बघितलं होतं मी, पण मला काय म्हाइत. जा भावोजी. मागल्या दारानं जा, गोठ्यावरनं पायवाट सरळ वर जाते, साग लागला की डावीकडं, कोयत्याचा आवाज येईलच. काय बोलायचं ते ठरवून जाऊ नका, नुसते जाऊन बसलात तरी चालंल. आणि लांबनंच हाक मारा हं. मागनं कुणी एकदम आलेलं ह्यांना सोसत नाय — तुम्हाला कशाला सांगते मी ते. जा.